सोमवार टाळा, किल्ली मागा: पुणे ते कोल्हापूर, छोट्या संग्रहालयांची चार दिवसांची सहल

पुण्याहून महामार्गाने निघालं की साडेचार-पाच तासांत माणूस कोल्हापुरात तांबडा-पांढरा समोर घेऊन बसलेला असतो. मी सांगतेय ती सहल याच रस्त्यावरची आहे, फक्त तिला चार दिवस लागतात. महामार्गाला जे फाटे फुटतात त्यांच्या आत एकेका माणसाच्या हट्टातून, हौसेतून उभ्या राहिलेल्या जागा आहेत, आणि त्या घाईत असलेल्या माणसाला काहीच दाखवत नाहीत. पहिल्यांदाच अशा सहलीला निघणार असाल तर पुढचं वाचा. यातल्या बहुतेक चुका मी करून झाल्या आहेत.

आधी वार ठरवा, मग ठिकाणं

काही वर्षांपूर्वी आम्ही सात जण दोन गाड्यांतून, घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून एका संग्रहालयाच्या दारात उतरलो. दाराला कुलूप होतं. शेजारच्या टपरीवरच्या माणसाने आमच्याकडे बघून चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "ताई, सोमवार हाय न्हवं आज." आम्ही दशम्या तिथेच पायरीवर बसून खाल्ल्या आणि परत फिरलो.

राज्य सरकारची संग्रहालयं साधारणपणे सोमवारी बंद असतात. म्हणून ही सहल गुरुवारी सुरू करायची, रविवारी संपवायची आणि सोमवार परतीला ठेवायचा. शुक्रवार-शनिवारात जोडून सुट्टी आली तर आणखी जपून राहा. राष्ट्रीय सणांना आणि दिवाळीच्या मुख्य दिवसांत दार उघडं असेलच असं नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करायचाच. "चालू आहे का?" एवढंच विचारून फोन ठेवू नका. तीन गोष्टी विचारा: उद्या उघडं आहे का, दुपारी जेवणाच्या सुट्टीत बंद असतं का, आणि कुठलं दालन दुरुस्तीसाठी बंद आहे का. तिसरा प्रश्न बहुतेक लोक विसरतात, आणि ज्यासाठी आलो तेच दालन बंद निघतं. फोन कुणी उचलला नाही तर त्या गावातल्या लॉजवाल्याला विचारा. त्याला संग्रहालयाची वेळ नसेल माहीत, पण कुणाला माहीत आहे ते नक्की ठाऊक असतं.

वस्तूही जागा बदलतात, हे ध्यानात असू द्या. लंडनच्या संग्रहालयातून तीन वर्षांसाठी आणलेली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली, तेव्हा रांगा लागल्या होत्या. तिथला मुक्काम काही महिन्यांचाच होता, पुढे ती दुसऱ्या शहरात गेली. एखादीच वस्तू बघायला निघाला असाल तर ती आत्ता तिथे आहे का, हेही विचारून घ्या.

सामान

थोडंसंच आहे. सुट्टे पैसे घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी तिकीट थोडक्याच रुपयांचं असतं, डोंगरावर रेंज नसते आणि खिडकीतल्या माणसाकडे पाचशेची मोड नसते. पटकन काढता येतील अशा चपला घाला, नाडीचे बूट नकोत. यातल्या निम्म्या जागा देवळाला लागून आहेत. एक छोटी बॅटरी ठेवा. फोनची नको, फोनचा दिवा काचपेटीवर मारला की आपलंच तोंड दिसतं आणि पहारेकऱ्यालाही वाटतं की तुम्ही फोटो काढताय. फोटोचा नियम प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, तिकीट काढतानाच विचारून मोकळं व्हा.

आणि एक आकडा पाठ करा: ७८. वाटेतल्या शिलालेखांवर वर्ष शकात असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पोरांना हे एकदा शिकवलं की ती प्रत्येक दगडापाशी थांबतात, मग तुम्हालाच त्यांना ओढून न्यावं लागतं.

गुरुवार: पुण्यात नजर तयार करा

सुरुवात पुण्यातूनच करा, राजा दिनकर केळकर संग्रहालयातून. बाजीराव रस्त्याच्या आत, नातूबागेत. पुणेकरांपैकी अर्ध्यांनी ते शाळेच्या सहलीत बघितलेलं असतं आणि नंतर कधीच नाही.

दिनकर गंगाधर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाला नाव आहे ते त्याचं, म्हणजे फलकावर मुलगा आणि बाप एकाच ओळीत आहेत. आयुष्यभर त्यांनी खेडोपाडी फिरून जमवलं काय, तर लोकांच्या घरातल्या रोजच्या वस्तू. वीस हजारांहून जास्त. १९६२ मध्ये त्याचं रीतसर संग्रहालय झालं. मांडलेल्या वस्तू एकूण साठ्याच्या मानाने थोड्याच आहेत, तरी पहिल्या अर्ध्या तासात डोकं भरून जातं.

म्हणून ही पद्धत वापरा. पहिला फेरा भराभर मारा, कुठेही न थांबता, सगळे मजले. मग बाहेर येऊन पाणी प्या. दुसऱ्या फेऱ्यात फक्त दोन काचपेट्या निवडा आणि प्रत्येकीपुढे पंधरा मिनिटं उभे राहा. फक्त दोन. तिसरी बघायचा मोह होतो, तेवढा आवरा.

माझी निवड ठरलेली आहे: अडकित्ते आणि वज्री. वज्री म्हणजे टाच घासायची. आमच्या आजीकडे साधी विटेच्या तुकड्याची होती. इथे पितळेच्या आहेत, वर कुठे पक्षी, कुठे प्राणी. नीट बघितलं की लक्षात येतं की नक्षी सगळी वरच्या बाजूला आहे आणि खालचा भाग खरखरीत. ज्या बाईने ती वापरली तिला नक्षी हाताला लागत होती, डोळ्यांना नव्हे. न्हाणीघरात अंधारच असणार. मग घडवणाऱ्याने एवढी मेहनत कुणासाठी घेतली? अडकित्त्यांचंही तसंच. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खीळ पुरते. बाकीचं सगळं पाहुण्यापुढे पानाचं तबक सरकवताना मिरवायला.

असा एखादा प्रश्न घेऊन बाहेर पडलात की पुढच्या तीन दिवसांची तयारी झाली. मस्तानी महालाचं दालन मात्र चुकवू नका. कोथरूडच्या मूळ वास्तूतले भाग आणून ते इथे पुन्हा उभं केलं आहे.

बरोबर मुलं असतील आणि दुपार मोकळी असेल, तर कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे. खेळण्यातली गाडी म्हणून गेलेले बाप तिथे मुलांपेक्षा जास्त वेळ काचेला नाक लावून असतात.

शुक्रवार: मेणवलीची घंटा, लिंबची विहीर

सकाळी लवकर निघून वाई गाठा. वाईपासून मेणवली तीनेक किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी. इथे नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याला लागून घाट आहे. १७६८ मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी आणि साताऱ्याच्या मंत्र्यांनी हे गाव नानांना दिलं. औंध हे नाव लक्षात ठेवा, उद्या तिथेच जायचंय.

वाडा खासगी आहे. कधी दार उघडं असतं, कधी नसतं. नसलं तर दारावर थापा मारत बसू नका. समोरच्या घरी जाऊन "काका, वाडा बघायचा होता, किल्ली कुणाकडे असते?" असं विचारा. 'वॉचमन कुठाय' असं विचारलं तर उत्तर मिळतं 'नाही'. किल्लीची चौकशी केली तर निदान नाव तरी मिळतं. गावातल्या वाड्यांना, लहान देवळांना, वाचनालयांना सगळीकडे हेच लागू. तरीही नाहीच उघडला तर घाटावर उतरा, कारण मला विचाराल तर मेणवलीचं खरं नवल तिथे आहे.

घाटावर मेणेश्वराचं देऊळ आहे आणि शेजारच्या छोट्या दगडी मंडपात एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जा. घंटेवर बाळाला घेतलेली बाई कोरलेली दिसेल, आणि १७०७ हे साल. ती मेरी आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकच्या नारोशंकराला आहे, तशीच ही. कृष्णेकाठी शंकराच्या दारात येशूची आई अडीचशे वर्षांच्या आसपासचा काळ टोल ऐकत उभी आहे, आणि घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांना त्यात काही विशेष वाटत नाही. पावसाळ्यात पाणी वर चढतं, तेव्हा घाट बघायला दिवाळीनंतर या.

दुपारचं जेवण वाईत उरका. वेळ हाताशी असेल आणि पुस्तकांची आवड असेल तर पसरणीचा घाट चढून पाचगणीपलीकडे भिलारला जाता येतं. ४ मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' आहे, म्हणजे गावातल्या घरांत, देवळांत विषयवार पुस्तकं ठेवलेली आहेत आणि कुणीही बसून वाचावीत. कुणाच्या ओसरीवर इतिहास, कुणाकडे कविता. एक सूचना: ती माणसांची राहती घरं आहेत. दुपारी दोनला दार वाजवून विनोदी साहित्य मागू नका. पण भिलार आणि लिंब दोन्ही एका दिवसात धरलंत तर दोन्ही अर्धवट होतील. मी लिंब निवडते.

लिंब साताऱ्याच्या अलीकडे, महामार्गापासून थोडं आत आहे. फाट्यावर 'बारा मोटेची विहीर' एवढं विचारलं की पुरे. वरून बघितलं तर शेतात एक मोठा खड्डा दिसतो. पायऱ्या उतरून कमानीतून आत गेलात की कळतं, आपण एका इमारतीत आहोत आणि विहीर तिच्या पोटात आहे. अष्टकोनी विहीर, तिला जोडून चौकोनी भाग, वरून बघितलं तर शिवलिंगासारखा आकार. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. मधल्या पुलावर चक्क महाल आहे, खांबांवर कोरीव काम, बसायला जागा. दारावरच्या शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ आहे. मिळवा ७८. सातारच्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली आणि तिच्या पाण्यावर आमराई फुलवली.

वर काठाला दगडी थारोळी बघा. तिथे मोटा चालत, म्हणजे बैलांनी ओढून पाणी वर काढायच्या कातडी पिशव्या. एका वेळी बारा मोटा, म्हणजे किती बैल, किती माणसं, केवढा आवाज, याचा हिशेब मुलांना करायला सांगा. आता तिथे कबुतरं घुमतात, बस्स. विहिरीला कठडा जेमतेम आहे आणि शेवाळ्यावर पाय सरकतो. लहान मुलाचा हात सोडू नका आणि सेल्फीसाठी काठावर जाऊ नका.

मुक्काम साताऱ्यात. कंदी पेढे घ्या, पण रविवारपर्यंत पुरतील या भ्रमात राहू नका.

शनिवार: औंध, पूर्ण दिवस

फोनवरच्या नकाशात नुसतं 'औंध' टाकलंत तर तो तुम्हाला पुण्याला परत नेईल. हसू नका, आमच्या दुसऱ्या गाडीचं झालं होतं, शिरवळपर्यंत गेले होते. 'श्री भवानी संग्रहालय, औंध, तालुका खटाव' असं लिहा. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे रस्ता आहे. एसटीने जात असाल तर उतरल्या उतरल्या पहिलं काम: परतीची शेवटची गाडी कितीला, ते विचारा. ती चुकली तर वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी, मिळतं, पण वडाप भरल्याशिवाय निघत नाही आणि संध्याकाळी ते भरतच नाही.

संग्रहालय यमाईच्या डोंगरावर, मूळपीठाच्या वाटेवर आहे. आधी वर देवीला जाऊन या, मग उतरताना संग्रहालय. उलट केलंत तर चित्रं बघून थकलेल्या पायांनी पायऱ्या चढाव्या लागतात.

हे संग्रहालय १९३८ चं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभारलं. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, कीर्तन करायचे, आणि सूर्यनमस्काराचा प्रसार तर असा की संस्थानातल्या शाळांतली पोरं पहाटे रांगेत उभी. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कारखान्यासाठी माळरानाची जमीन यांनीच दिली, त्याची किर्लोस्करवाडी झाली. आणि बहुतेक संस्थानिक गादी सांभाळत असताना यांनी १९३९ च्या सुमारास गांधीजींच्या सल्ल्याने कारभार प्रजेच्या हाती सोपवला. असा माणूस चित्रं जमवतो तेव्हा ती राजवाड्यात टांगत नाही, गावाजवळच्या डोंगरावर सगळ्यांसाठी इमारत बांधतो.

आत काय आहे? राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं, छापील नव्हेत. चित्रकार म. वि. धुरंधरांची चित्रं. पहाडी लघुचित्रं. हस्तिदंत, चंदनातलं काम. युरोपातल्या प्रसिद्ध पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती, कारण खटाव तालुक्यातला विद्यार्थी रोमला कधी जाणार? आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं 'आई आणि मूल'. ज्याची शिल्पं बघायला लोक लंडनच्या बागांतून फिरतात, त्याचा हा दगड इथे. आकाराने लहान आहे, सहज नजरेतून सुटतो. पहिल्यांदा आले तेव्हा मी त्याच्यासमोरून दोनदा गेले. माझ्या सासूबाईंनी मात्र थांबून बघितलं आणि म्हणाल्या, "नाकडोळे नाहीत, पण धरलंय बघ कसं, लेकराला मान सावरून." शहाण्या समीक्षकाने दोन पानं लिहून जे सांगितलं असतं ते तेवढंच.

ऊन कलतं तसं तैलचित्रांवरची चकाकी बदलते. एखादं चित्र समोरून नुसतं चमकत असेल तर दोन पावलं बाजूला सरका, रंग दिसायला लागतो. सकाळी बघितलेलं चित्र निघताना पुन्हा बघा.

शिपायांशी बोला, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगते, पण कसं बोलायचं ते कुणी सांगत नाही. "जरा माहिती द्या ना" म्हटलं की ते पाठ केलेलं म्हणून दाखवतात. त्याऐवजी "मामा, तुम्ही इथे किती वर्षं आहात?" इथून सुरुवात करा. मग "लोक सगळ्यात जास्त कशापुढे थांबतात?" आणि शेवटी "तुम्हाला स्वतःला कुठलं आवडतं?" या तिसऱ्या प्रश्नावर माणूस एकदम जागा होतो. एका ठिकाणी असं विचारल्यावर मामांनी मला कोपऱ्यातलं एक चित्र दाखवलं होतं, ज्याच्यावर पाटीही नव्हती. पैसे देऊ करू नका, अवघडतात. चहा विचारा, तो घेतात.

संध्याकाळी कराडमार्गे कोल्हापूर.

रविवार: कोल्हापूर

अंबाबाई, रंकाळा आणि न्यू पॅलेस तुम्हाला कुणीही सांगेल. मी दुसरं सांगते.

सकाळी टाउन हॉल. १८७२ ते १८७६ या काळात चार्ल्स मँट या इंग्रज स्थापत्यकाराने बांधलेली उंच निमुळत्या छपराची काळ्या दगडाची इमारत. न्यू पॅलेसही त्याचाच. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खननात सापडलेल्या वस्तू या संग्रहालयात आहेत, आणि त्यात पोसायडन आहे, ग्रीकांचा समुद्रदेव, काशाचा, वीतभरही नाही. समुद्र तिथून घाटाखाली, कितीतरी मैल लांब. सातवाहनांच्या काळात भूमध्य समुद्रावरचा माल कोकणातल्या बंदरांत उतरून घाट चढून इथपर्यंत येत होता, त्याचा हा पुरावा. दिसला नाही तर विचारा, लाजू नका.

मग राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय. पडद्यावरचे मांडरे आपल्या आईवडिलांना माहीत आहेत. त्यांनी निसर्गचित्रं काढली, पावडर शेडिंगसारख्या तंत्रात हात बसवला आणि राहतं घर चित्रांसकट सरकारला देऊन टाकलं. इथे गर्दी नसते. बंगल्यात पाहुणे आल्यासारखं हळू फिरा.

दुपारनंतर कणेरी मठ, गावाच्या दक्षिणेला. हे छोटं संग्रहालय नव्हे, आणि सिमेंटच्या पुतळ्यांना नाकं मुरडणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. बारा बलुतेदार, मळणी, बाजार, मोट, सगळं माणसाच्या उंचीचं, उघड्यावर. मीही मुरडलं होतं. पण इथे एक अट पाळा: सत्तरीच्या पुढचं कुणीतरी बरोबर न्या. सासूबाई मोटेच्या पुतळ्यापुढे उभ्या राहिल्या आणि नातवाला सांगायला लागल्या की बैल उतारावर पुढे जाताना मोट वर येते आणि मागे सरकताना खाली जाते, म्हणून धावेला उतार लागतो, आणि हाकणारा गाणं म्हणत दोरावर बसायचा. मग तोच नातू म्हणाला, "म्हणजे लिंबला असे बारा?" सासूबाईंनी मान हलवली आणि पुढे कुंभाराकडे गेल्या. त्यांना त्याच्या चाकाबद्दल तक्रार होती.

निघताना अभिप्रायाची वही मागा. बहुतेक ठिकाणी टेबलाच्या खणात असते. 'छान' लिहू नका. कुठली वस्तू, कुठल्या दालनात, का थांबलात, एवढं एका ओळीत लिहा आणि पाटी चुकली असेल किंवा दिवा गेला असेल तर तेही लिहा. वरिष्ठ तपासणीला आले की वही बघतात. आणि लिहिण्याआधी मागची दोन पानं वाचा. आमच्या आधीच्या पानावर एका पोराने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'लई भारी. पण पंखा लावा.'